संधिवातासह संसार

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, असे मुलांची आई म्हणू लागली तो काळ २००६ च्या पावसाळ्यानंतरचा. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीत तर एकेका घरात तीन-तीन माणसे गुडघे धरून बसलेली. साथ ओसरली तरी कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. तेव्हा तिचे दुखणेही त्याच खात्यावर जमा झाले. "चिकुनगुन्याचं आहे, वर्षभरात जाईल," असे शेजारी म्हणाले आणि आम्हीही म्हणालो. वर्ष गेले, दुखणे गेले नाही. तिचे वय तेव्हा चौतीस होते.

आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवीत होतो, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण पुढच्या तीन वर्षांत घरात जे घडले त्यात आमच्या विज्ञानाचा काडीचाही उपयोग झाला नाही.

या आजाराची एक खोड अशी की तो सकाळी माणसाला लाकूड करतो आणि दुपारपर्यंत थोडा सोडतो. पहाटे तिला चहाचा कप धरता येत नसे. बारा वाजता तीच बाई अंगणात कपडे वाळत घालताना दिसे. आमची आई जुन्या वळणाची. ती म्हणे, "सूनबाईला सकाळी कामाच्या वेळीच बरं दुखतं!" आम्ही त्यावर काही बोलत नसू. खरे सांगायचे तर आम्हालाही मनातून तसेच वाटत असे. शाळेला उशीर झाला, डबा झाला नाही, की आमचा आवाज चढे. सूज फारशी दिसत नव्हती, जखम नव्हती, ताप मोजावा तर नव्वदच्या घरात दहा-पाच रेघा इकडे-तिकडे. डोळ्यांना दिसत नाही ते दुखणे खरे कसे मानायचे?

मग नातलगांतील एका बाईंनी 'बाहेरचे काही' सुचवले. ज्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर टांगलेली आहे, त्याच भिंतीखाली बसून तिच्या दंडाला काळा दोरा बांधला गेला. बांधणारा भगत म्हणाला, मागल्या जन्मीचे काही राहिले आहे, ते हाडांत उतरले आहे. आम्ही विरोध केला नाही. 'आईचे मन राखायचे' हे कारण आम्ही स्वतःला दिले. ती मात्र दोऱ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "अहो, मागल्या जन्मी मी असं काय केलं असेल?" या प्रश्नाला जो नवरा गप्प राहतो त्याने विहारात कितीही मोठ्याने वंदना म्हटली तरी ती वाया जाते, असे आज आम्हाला वाटते.

संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाचे सुत्त आहे. माणसाला जे सुखदुःख होते ते सगळे पूर्वकर्माचे फळ, असे काही लोक म्हणतात, आपले मत काय, असे तो भगवंतांना विचारतो. भगवंत त्याला पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, आहार-विहारातील हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी एकेक कारणे मोजून दाखवतात. सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक स्वतःच्या अनुभवापलीकडचे बोलतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेला हा निर्वाळा आम्ही वाचलेला होता. दोरा बांधताना तो आठवला नाही, इतकेच.

दोऱ्यानंतर पुडी आली. शेजारच्या तालुक्यातील एका जडीबुटीवाल्याची बिनलेबलची, राखेच्या रंगाची पुडी. तिसऱ्या दिवशी चमत्कार झाला. तिने मूठ वळली, जाते ओढले, आम्हाला हसून दाखवले. आम्ही वस्तीत चार जणांना त्या माणसाचा पत्ता दिला, ही खंत आजही मनातून जात नाही. सात-आठ महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, वजन वाढले, रक्तदाब चढला आणि साखरही वाढली. पुडी एकदम बंद केली तेव्हा तर ती अंथरुणावरून उठेना. पुढे ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी ही हकिगत ऐकताच सांगितले, "यात स्टेरॉईड मिसळलेलं असणार."

स्टेरॉईडची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइकस्टाईन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण पुढे लवकरच दुष्परिणामही दिसून आले. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, जंतुसंसर्ग बळावतो. आजही डॉक्टर हे औषध देतात, परंतु शक्य तितक्या कमी मात्रेत, थोड्या काळापुरते आणि नंतर हळूहळू कमी करत. पुडीवाला ते मात्रा न सांगता, नाव न सांगता देतो. तिसऱ्या दिवशी गुण आला म्हणजे औषध चांगले, असे समजू नये. संधिवातात तिसऱ्या दिवशी येणारा गुण हाच मुळी संशयाचे कारण आहे.

२००९ साली योग्य डॉक्टर भेटले. सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या झाल्या, हातांचे एक्स-रे निघाले आणि आजाराला नाव मिळाले. इंग्रजीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो हा संधिवात. काही वैद्य याला आमवात म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वेगळा. तो चालल्याने दुखतो आणि बसल्याने थांबतो. हा उलट, विश्रांतीनंतर जास्त आखडतो. जंतूंशी लढण्यासाठी असलेली आपलीच प्रतिकारशक्ती चुकून सांध्यांच्या आतील अस्तरावर चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते आणि हळूहळू कूर्चा व हाड कुरतडते. बहुधा हातापायांच्या बोटांचे लहान सांधे आणि मनगटे आधी धरली जातात, तीही दोन्ही बाजूंची. सकाळचा ताठरपणा अर्धा-एक तास तरी हटत नाही. अंगात थकवा येतो, रक्त कमी होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार दोन-तीन पट अधिक आढळतो, आणि तोही बहुतेक ऐन संसाराच्या वयात. नुसता आरए फॅक्टर आला म्हणजे संधिवात आणि आला नाही म्हणजे नाही, असेही नसते. निदान तपासून-विचारून डॉक्टरांनीच करायचे असते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून आम्हाला दाखवला. म्हणाले, "पहिल्या काही महिन्यांत आला असता तर हे वाचलं असतं." तिच्या दोन्ही हातांची बोटे करंगळीच्या बाजूला कललेली आहेत. त्या तीन वर्षांत कलली ती कललीच. औषधाने दुखणे आवरले, बोटे सरळ झाली नाहीत. घरात कोणी महिना-दीड महिना सकाळी हात आखडल्याची तक्रार करीत असेल, तर तिला आधी सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्या, ही आमची वाचकांना विनंती आहे. ते जमले नाही तर सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात तरी न्या.

औषध सुरू झाले ते मेथोट्रेक्सेट. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज नाही! वेदनाशामक गोळी फक्त दुखणे दाबते, ही मुळाशी लढते. परंतु गुण यायला दीड ते तीन महिने लागतात आणि नेमके त्याच काळात लोक 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. आमच्या घरात पहिल्याच महिन्यात गडबड झाली. आम्ही रविवारी गोळ्या दिल्या आणि सोमवारी सकाळी थोरल्याने पाकीट पाहून पुन्हा दिल्या. धावत डॉक्टरांकडे गेलो. या गोळ्या चुकून रोज घेतल्या तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी उतरतात आणि जीवावरही बेतते, हे तेव्हा कळले. तेव्हापासून कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल पेन्सिलीने खूण असते. विहारातून आल्यावर जेवण, जेवणानंतर गोळ्या, आणि मग त्या खुणेवर फुली. पाकीट आमच्या कपाटात कुलपात असते. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी. ठरावीक महिन्यांनी रक्त आणि यकृताची तपासणी, ती चुकवायची नाही. या औषधावर दारू वर्ज्य, आणि ताप-खोकला आला तर घरगुती काढे करत बसायचे नाही.

दुसरे औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. त्यासाठी डोळ्यांची तपासणी होते. २०२० साली करोनावर ते चालते अशी हवा उठली आणि दुकानांतून ते गायब झाले. ज्यांना ते रोज लागते त्यांनी तेव्हा दुकानोदुकानी काय फिरायचे? आम्ही चौदा दुकाने फिरलो. निरोगी माणसांनी घाबरून घेतलेली पाकिटे त्यांच्या कपाटांत पडून राहिली असतील.

औषधाने अर्धे काम केले. उरलेले अर्धे घराने करायचे होते, आणि तिथे आमची खरी परीक्षा लागली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते: पिळायचे नाही, बोटांच्या चिमटीने जड उचलायचे नाही, पिशवी बोटांवर न अडकवता कोपराच्या वर घ्यायची, थकण्याआधी थांबायचे, दुखणे उसळले की विश्रांती आणि एरवी रोज हलका व्यायाम. वाचायला सोपे वाटते. आता आपल्या घरातील बाईचा दिवस पाहा. हंडा चिमटीने उचलायचा, कपडे पिळायचे, पाट्यावर चटणी वाटायची, पीठ मळायचे, भाकरी थापायची. तिच्या हातांना जे करू नका म्हणून सांगितले त्याच कामांची यादी म्हणजे आपला संसार.

एकेक गोष्ट बदलली. पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, मिक्सर आला. हंड्याच्या जागी पाच लिटरचे कॅन आले आणि ते मुलांनी भरायचे ठरले. न पिळता टपटपते कपडे दोरीवर टाकले तरी उन्हात वाळतात, हे आम्हाला चाळिशीनंतर समजले! मोरीत बसायला स्टूल ठेवले. गोल फिरणाऱ्या तोट्या काढून दांडीच्या बसवल्या, त्या कोपराने ढकलता येतात. लाटण्याला आणि विळीऐवजी आणलेल्या सुरीला जुन्या सायकल ट्यूबची गुंडाळी करून मूठ जाड केली. जाड मूठ धरायला बोटे कमी वळवावी लागतात. ब्लाउजच्या हुकांच्या जागी शिवणवाल्या ताईंनी चिकटपट्टी लावून दिली. पहाटे ती उठण्याआधी कोणीतरी पाणी गरम करून ठेवतो. दहा मिनिटे हात कोमट पाण्यात, पाण्यातच मूठ उघडायची, मिटायची. यात खर्च फारसा नाही. लक्ष द्यावे लागते, इतकेच.

भाकरीचा प्रश्न मात्र मोठा होता. आमच्या घरी ज्वारीची भाकरी रोजची, पोळी सणाला. पीठ मळताना मनगटावर जोर येतो आणि थापताना तळव्यावर. काही दिवस शेजारून आणली, पण रोज कोण देणार? शेवटी आम्ही परातीपुढे बसलो. पहिल्या दिवशी भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी आकार आला, पण कडा इतक्या फाटल्या की धाकटी म्हणाली, "बाबा, हा श्रीलंका आहे का?" मुलांची आई बाजूला स्टुलावर बसून सांगे: पाणी आधणाचं घ्या, नाहीतर जोडत नाही, तळव्याने मळा, बोटांनी नाही, एका हाताने थापा, दुसऱ्याने कड सावरा, तव्यावर टाकल्यावर लगेच वरून पाण्याचा हात फिरवा. वीस दिवसांनी भाकरी फुगली. त्या दिवशी वस्तीतील दोघे-तिघे गृहस्थ दारात उभे राहून हसत होते. गुरुजी भाकरी थापतात! पुढे त्यांतल्याच एकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली, तेव्हा तो संध्याकाळी आमच्याकडे येऊन हळूच विचारू लागला, आधण किती घ्यायचे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. भगवंत आनंदांसह तिथे येतात. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही, असे विचारल्यावर तो सांगतो की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझे करत नाहीत. भगवंत स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतात, दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर निजवतात. मग संघाला बोलावून सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. हा प्रसंग आपण विहारात अनेकदा ऐकतो आणि दरवेळी त्या भिक्खूंना नावे ठेवतो. मूठ वळेना तेव्हा जी घराच्या 'उपयोगी' राहिली नाही, तिच्याशी पहिली तीन वर्षे आम्ही काय निराळे वागलो?

पथ्याबद्दल थोडे. आंबट बंद, दही बंद, वांगे बंद, डाळ बंद, असे एकेकाने सांगत सांगत तिच्या ताटात भाकरी आणि भेंडी उरली होती. आधीच या आजारात रक्त कमी होते, त्यात ही उपासमार. डॉक्टरांनी सगळी बंदी उठवली. अमुक पदार्थ सोडल्याने हा आजार बरा होतो असे नाही. एखाद्या जिनसाने स्वतःला त्रास होतो असे वारंवार दिसले तर तो टाळावा. बाकी अंडी, डाळी, सुकट-बोंबील, दूध, नाचणी, पालेभाजी पोटभर खावी. बिडी-सिगारेट मात्र घरातून हद्दपार करावी, धूम्रपानाने हा आजार होण्याचा धोका वाढतो.

आता विहारातली गोष्ट. दर पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना होते. तिला गुडघे टेकून पंचांग प्रणाम करता येईना, खाली बसले तर उठता येईना. एकदा तिने भिंतीकडेची प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली. समितीतील एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, भगवंतांच्या मूर्तीपुढे खुर्चीवर बसणे शोभत नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ती उठून घरी आली आणि पुढच्या आठ पौर्णिमा विहारात गेली नाही. पांढरी साडी घडीतच राहिली. घरात ती काही बोलली नाही, पण आम्ही एकटेच वंदनेला निघालो की दारापर्यंत येऊन उभी राही.

त्या वर्षी वर्षावासात एक भन्तेजी आले. त्यांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी प्रवचनात मज्झिम निकायातील सेख सुत्त घेतले. कपिलवस्तूत शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. भगवंत तिथे रात्री उशिरापर्यंत धम्म सांगत होते. मग ते आनंदांना म्हणाले की पुढचे तू सांग, माझी पाठ दुखते आहे, मी जरा पडतो. आणि चौपदरी संघाटी अंथरून ते भर सभेत उजव्या कुशीवर पहुडले. भन्तेजी एवढे सांगून थांबले. नंतर स्वतः उठून त्यांनी भिंतीकडची खुर्ची उचलली आणि बायकांच्या रांगेच्या कडेला आणून ठेवली. पुढच्या पौर्णिमेला ती आली. आज त्या कडेला पाच खुर्च्या असतात. त्यांतील एकीवर ते ज्येष्ठ उपासकही बसतात, त्यांचे गुडघे गेले आहेत.

ध्यानाविषयी आम्हाला बरेच जण विचारतात. ती रोज वीस मिनिटे आनापान करते. त्याने सूज उतरत नाही आणि गोळी सुटत नाही. पण दुखण्याच्या जोडीला 'माझेच असे का' ही जी दुसरी कळ असते ती थोडी सैल होते, असे ती म्हणते. शिबिराला जाऊन औषध बंद केलेल्या दोन बाई आमच्या पाहण्यात आहेत. दोघींचा आजार उसळला.

आणखी एक नाजूक विषय. वधू-वर मेळाव्यांत मुलीचा संधिवात लपवला जातो. लग्नानंतर मुलगी सासरी गोळ्या लपवून घेते किंवा सोडते. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असते. मूल हवे असेल तर ते काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करून गरोदरपणात चालणारी दुसरी औषधे घ्यावी लागतात. नवऱ्याला आजारच माहीत नसेल तर हे कसे होणार? नीट उपचार घेणाऱ्या कित्येक स्त्रिया चांगल्या आया झालेल्या आहेत. आजार सांगितल्यावर जे स्थळ मोडते ते मोडलेलेच बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुखणे ही लाजेची गोष्ट नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदनांनी ते वर्षानुवर्षे बेजार होते, आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी त्याच दुखण्यांच्या काळात लिहून हातावेगळा केला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला.

पैशाची भीती अनेकांना असते. मेथोट्रेक्सेट जुने आणि स्वस्त औषध आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. जेनेरिक घ्यावे. महागडी इंजेक्शने सर्वांना लागत नाहीत. ज्यांच्या हातापायांत कायमचे व्यंग आले आहे त्यांनी सरकारी रुग्णालयात अपंगत्व तपासून घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चाळीस टक्के किंवा अधिक प्रमाण भरले तर सवलती मिळू शकतात. आमच्या घरी ते प्रमाणपत्र काढायला तिनेच दोन वर्षे नकार दिला. 'मी काय अपंग आहे?' म्हणे. मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, चला.

गेल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाची पाळी तिच्याकडे आली. ग्रंथ जाड, तिच्या मनगटाला पेलत नाही. वस्तीतील सुतारकाम करणाऱ्या एका पोराने उरलेल्या फळ्यांची उतरती चौकट करून दिली, ती खुर्चीसमोर ठेवतात. ती वाचते आणि पाने धाकटी उलटते. वाचन लांबले की ती मध्येच थांबते, हात मांडीवर ठेवून दोन मिनिटे बसते आणि मग पुढचे वाचते. तेवढा वेळ सगळे थांबतात.